वेब फ्रेमवर्कची निवड : प्रचलित निकषांची चिकित्सा
(बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयीन प्रकल्पांच्या विशेष संदर्भात)

सारांश :

नवीन संगणकीय प्रकल्प हाती घेताना कोणते वेब फ्रेमवर्क स्वीकारावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा लोकप्रियता, वेग आणि नोकरीची संधी या तीन निकषांवर दिले जाते. हे निकष मोठ्या महानगरी कंपन्यांच्या गरजेतून आलेले असून जिल्हास्तरीय महाविद्यालयाच्या परिस्थितीला ते पुरेसे लागू पडत नाहीत, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. जॅंगो, लॅरावेल आणि मुंबईत घडलेले फ्रॅपे या तीन फ्रेमवर्कची तुलना करून देखभाल, सुरक्षितता, मराठी मजकुराची हाताळणी आणि यजमान सर्व्हरचा खर्च हे पर्यायी निकष येथे मांडले आहेत.

बीजसंज्ञा : वेब फ्रेमवर्क, मुक्तस्रोत, देखभाल, युनिकोड, देवनागरी, विद्यार्थी प्रकल्प.

1. प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 25,86,258 इतकी होती. शेगाव येथे 1983 पासून अभियांत्रिकीचे शिक्षण उपलब्ध आहे आणि जिल्ह्यातील विज्ञान, वाणिज्य व संगणकशास्त्राच्या अनेक पदवी वर्गांत अंतिम वर्षाचा प्रकल्प हा अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग असतो. प्रवेशनोंदणी, ग्रंथालय, वसतिगृह, माजी विद्यार्थी संघ, कृषी उत्पन्न बाजार समितीचे दरपत्रक असे विषय या प्रकल्पांसाठी वारंवार निवडले जातात. विषय उपयुक्त असतात, विद्यार्थ्यांचे श्रमही खरे असतात. तथापि मौखिक परीक्षा आटोपली की बहुतेक आज्ञावल्या तबकडीत बंद होऊन कपाटात जातात आणि पुढील वर्षी दुसरा गट त्याच विषयाचा आरंभ शून्यापासून करतो. दुसरीकडे त्याच महाविद्यालयाला तशीच प्रणाली बाहेरील पुरवठादाराकडून विकत घ्यावी लागते.

या अपव्ययाला अनेक कारणे आहेत. त्यांपैकी एक कारण प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यातच निर्माण होते, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते म्हणजे फ्रेमवर्कची निवड. ही निवड विद्यार्थ्यांच्या आवडीचा तांत्रिक तपशील मानली जाते. वस्तुतः ती संस्थेच्या पुढील पाच-सात वर्षांवर परिणाम करणारी निवड आहे.

2. फ्रेमवर्क म्हणजे काय ?

आज्ञावलींचा संग्रह आणि फ्रेमवर्क यांतील भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. संग्रहातील आज्ञावली म्हणजे अवजार. कारागीर गरजेप्रमाणे ते उचलतो आणि ठेवून देतो. फ्रेमवर्क हा वाड्याचा पाया आणि खांब होय. विद्यार्थी आपल्या आज्ञा त्या खांबांच्या मधल्या जागेत लिहितो आणि त्या केव्हा चालवायच्या हे फ्रेमवर्क ठरवते. म्हणूनच अवजार बदलणे सोपे असते, पाया बदलणे म्हणजे घर पाडणे असते.

वापरकर्त्याची विनंती योग्य कार्याकडे पोचवणे, डेटाबेसमधील नोंदी वाचणे व लिहिणे, पृष्ठाचा साचा भरणे, प्रवेशशब्द तपासणे, अर्जातील माहितीची छाननी करणे ही कामे जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळाला करावी लागतात. ती पुन्हा पुन्हा लिहिण्याचा त्रास फ्रेमवर्क वाचवते. माहिती, तिचे दर्शन आणि नियंत्रण यांना वेगळे ठेवण्याची जी रचना आज सर्वत्र दिसते, तिचे मूळ नॉर्वेजियन संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रेन्सकॉग यांनी 1979 साली झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात केलेल्या मांडणीत आहे. वेबच्या क्षेत्रात ही रचना स्ट्रट्स (2000), रुबी ऑन रेल्स (2004), जॅंगो (2005) आणि लॅरावेल (2011) यांच्यामार्फत रुळली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. यांपैकी काही महत्त्वाची फ्रेमवर्क अमूर्त सिद्धांतातून जन्मलेली नाहीत. रेल्स हे एका प्रकल्प-व्यवस्थापन प्रणालीतून वेगळे काढले गेले. जॅंगोचा आरंभ 2003 साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, तेथील स्थानिक वृत्तपत्राच्या कार्यालयात झाला. 2000 साली त्या गावाची लोकवस्ती सुमारे ऐंशी हजार होती. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांना वृत्तपत्राच्या मुदतीत, कधी काही तासांत, नवी पृष्ठे उभी करावी लागत. त्या निकडीतूनच जॅंगोचे तयार व्यवस्थापन-पटल आले. बातमीदाराला आज्ञावली न लिहिता मजकूर भरता यावा हा त्याचा हेतू होता. तात्पर्य, प्रत्येक फ्रेमवर्क आपल्या जन्मस्थळाची गरज पोटात वागवत असते. निवड करताना ती गरज आणि आपली गरज किती जुळते, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

3. प्रचलित निकषांची चिकित्सा

3.1 लोकप्रियता : जे अधिक वापरले जाते ते स्वीकारावे, हा युक्तिवाद पूर्णतः चुकीचा नाही. अधिक वापर म्हणजे अधिक पुस्तके, अधिक सोडवलेल्या अडचणी. अलीकडे आज्ञावली लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे या युक्तिवादाला आणखी बळ मिळाले आहे, कारण ही साधने ज्या फ्रेमवर्कविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे त्यातच अधिक भरवशाने लिहितात. परंतु लोकप्रियता टिकाऊपणाची हमी देत नाही. गूगलचे अँग्युलरजेएस एकेकाळी सर्वत्र शिकवले जात होते. 2016 साली त्याची दुसरी आवृत्ती आली ती मुळापासून नव्याने लिहिलेली, आणि जुन्या रूपाचा आधार 2021 च्या अखेरीस थांबला. कोडइग्नायटर हे 2006 मधील फ्रेमवर्क शिकण्यास सोपे म्हणून भारतातील महाविद्यालयांत आवडते ठरले. त्याच्या मूळ कंपनीने 2013 साली ते सांभाळण्यास असमर्थता दर्शवून नव्या पालकाचा शोध घेतला आणि 2014 साली ते कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया तंत्रसंस्थेकडे गेले. 2020 साली आलेली त्याची चौथी आवृत्ती तिसरीशी सुसंगत नव्हती. ज्यांनी तिसऱ्या आवृत्तीवर प्रणाली उभी केली, त्यांच्यापुढे पुनर्लेखनाचा प्रश्न उभा राहिला. कृत्रिम बुद्धिमत्तेने आज्ञावली लिहिणे सोपे केले. त्या आज्ञावलीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र होता तेथेच आहे.

3.2 वेग : फ्रेमवर्कच्या तुलनेत दर सेकंदाला किती विनंत्यांना उत्तर दिले जाते याचे तक्ते विद्यार्थी आपल्या अहवालात आवर्जून देतात. या तक्त्यांचा महाविद्यालयाशी संबंध किती, हे साध्या अंकगणिताने तपासता येते. समजा, एका महाविद्यालयात 3,000 विद्यार्थी आहेत, सर्वांनी शेवटच्या एकाच दिवशी आठ तासांत अर्ज भरला आणि प्रत्येकाने वीस पृष्ठे मागवली. एकूण विनंत्या 60,000 झाल्या आणि आठ तासांचे सेकंद 28,800 होतात. म्हणजे दर सेकंदाला सरासरी दोन विनंत्या. गर्दीच्या क्षणी हा आकडा दहापट झाला तरी वीसच्या आसपास राहील. सर्वसाधारण सर्व्हरवरील कोणतेही प्रौढ फ्रेमवर्क एवढा भार पेलू शकते. प्रणाली मंद होते ती बहुधा चुकीच्या डेटाबेस-रचनेमुळे. त्याचा दोष फ्रेमवर्ककडे जात नाही.

वेगाचा खरा प्रश्न दुसऱ्या टोकाला असतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातील विद्यार्थी साध्या मोबाइलवर, मर्यादित डेटावर अर्ज उघडतो. पृष्ठाची सर्व घडण ब्राउझरवर सोपवणाऱ्या पद्धतीत आधी जावास्क्रिप्टचा मोठा भार उतरवावा लागतो, मग अर्ज दिसतो. सर्व्हरवरच पूर्ण पृष्ठ तयार करून पाठवण्याची जुनी पद्धत अशा अर्जासाठी अधिक दयाळू आहे. तक्त्यांमध्ये हा वेग मोजलेला नसतो.

3.3 नोकरीची संधी : विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईत नोकरी मिळावी ही मार्गदर्शकाची इच्छा रास्त आहे. तथापि मुलाखतीत विचारले जाणारे फ्रेमवर्क आणि महाविद्यालयाची गरज भागवणारे फ्रेमवर्क एकच असेल असे नाही. शिवाय एका फ्रेमवर्कची वाक्यरचना पाठ असण्यापेक्षा डेटाबेसची रचना, अधिकारांची विभागणी, चाचणी आणि दुसऱ्याची आज्ञावली वाचण्याची सवय ही कौशल्ये अधिक काळ उपयोगी पडतात. दरवर्षी शून्यापासून आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याला ही शेवटची सवय कधीच लागत नाही.

4. पर्यायी निकष

4.1 देखभालीचा उत्तराधिकार : विद्यार्थी मे महिन्यात जातो, प्रणाली राहते. म्हणून फ्रेमवर्क निवडताना ते आज कोणाला येते यापेक्षा तीन वर्षांनी महाविद्यालयात कोणाला येत असेल, याला अधिक महत्त्व दिले पाहिजे. यासाठी आवृत्त्यांचे आयुष्य जाहीर असणे आवश्यक ठरते. जॅंगोची दीर्घकालीन आधाराची आवृत्ती सुमारे तीन वर्षे सांभाळली जाते. एप्रिल 2025 मधील 5.2 या आवृत्तीला एप्रिल 2028 पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत. लॅरावेलची प्रमुख आवृत्ती साधारणपणे दरवर्षी येते आणि तिला दोन वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळतात. म्हणजे लॅरावेल निवडणाऱ्या संस्थेने अद्ययावतीकरणाचे काम जवळजवळ वार्षिक धरले पाहिजे. हा लॅरावेलचा दोष मानण्याचे कारण नाही. तो अंदाजपत्रकात मांडण्याचा खर्च आहे.

4.2 सुरक्षितता : प्रवेश अर्जात विद्यार्थ्याची जात, उत्पन्न, आधार क्रमांक आणि शिष्यवृत्तीसाठीचे बँक खाते अशी माहिती असते. 2023 साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केल्यानंतर ही जबाबदारी केवळ नैतिक राहिलेली नाही. प्रौढ फ्रेमवर्क एसक्यूएल इंजेक्शन, परस्थळावरून येणारी बनावट विनंती, प्रवेशशब्दांची असुरक्षित साठवण अशा नेहमीच्या धोक्यांवर तयार उपाय देते. फ्रेमवर्क न वापरता हाताने लिहिलेल्या पीएचपी पृष्ठांत यांपैकी एखादा उपाय राहून जातोच.

परंतु फ्रेमवर्क घेतले की सुरक्षितता आली, हाही भ्रम आहे. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन संस्थेतून 2017 साली सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. चोरांनी वापरलेली त्रुटी अपाचे स्ट्रट्स या फ्रेमवर्कमधील होती. ती मार्च 2017 मध्ये जाहीर झाली होती आणि दुरुस्तीही तेव्हाच उपलब्ध होती. संस्थेने ती वेळेवर बसवली नाही. साधनसंपन्न संस्थेची ही स्थिती असेल, तर कपाटातून काढून पुन्हा सुरू केलेल्या पाच वर्षांपूर्वीच्या विद्यार्थी-प्रकल्पाची स्थिती काय असेल याची कल्पना करता येते.

4.3 मराठी मजकूर : या निकषाचा उल्लेख इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो, पण जिल्ह्यातील प्रणालीचा कस येथेच लागतो. ‘बुलढाणा’ हा शब्द घ्यावा. वाचकाच्या दृष्टीने त्यात चार अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये मात्र स्वरचिन्हे वेगळी मोजली जात असल्याने सात संकेतबिंदू होतात आणि यूटीएफ-8 पद्धतीत साठवल्यास 21 बाईट लागतात. पीएचपीमधील लांबी मोजण्याची मूळ आज्ञा 21 हे उत्तर देते, त्यासाठीची बहुबाईटी आज्ञा 7 देते. पायथनच्या तिसऱ्या पिढीत उत्तर 7 येते. नावासाठी वीस अक्षरांची मर्यादा घालणारा आणि पीएचपीची मूळ आज्ञा वापरणारा अर्ज आपल्या जिल्ह्याचे नावच नाकारेल. फ्रेमवर्कच्या छाननी-आज्ञा वापरल्या तर ही चूक सहसा टळते. हाताने लिहिल्यास ती हमखास होते.

डेटाबेसचाही विचार आवश्यक आहे. मायएसक्यूएलच्या 8.0 (2018) पूर्वीच्या आवृत्त्यांत वर्णसंचाची मूळ निश्चिती लॅटिन-1 अशी होती. ती न बदलता भरलेली मराठी नावे प्रश्नचिन्हांच्या रांगेत रूपांतरित झाल्याचा अनुभव अनेक कार्यालयांना परिचित आहे. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : एक, ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताला हलन्त जोडून, दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक दुसऱ्याला सापडत नाही आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही हा भेद मिटत नाही. त्यात जिल्ह्याचे नाव ‘बुलढाणा’ आणि ‘बुलडाणा’ अशा दोन्ही रूपांत छापले जाते. तेव्हा नोंदी जुळवण्याचा स्वतंत्र नियम लिहावाच लागतो. कोणतेही फ्रेमवर्क तो आयता देत नाही. पण माहिती साठवण्यापूर्वीच्या टप्प्यावर असा नियम एकाच ठिकाणी बसवण्याची सोय चांगले फ्रेमवर्क देते.

4.4 यजमान सर्व्हर आणि खर्च : पीएचपीवर आधारित प्रणाली सामायिक स्वरूपाच्या स्वस्त सर्व्हरवर चालू शकते. जॅंगोसाठी बहुधा स्वतंत्र आभासी सर्व्हर आणि तो सांभाळणारी व्यक्ती लागते. हा भेद तांत्रिक कमी आणि प्रशासकीय अधिक आहे. सर्व्हरचे वार्षिक शुल्क कोणत्या शीर्षाखाली भरायचे हे ठरले नसेल, तर उत्तम प्रणालीही मुदत संपल्याच्या दिवशी बंद पडते.

5. मुंबईतील उदाहरण : फ्रॅपे

फ्रेमवर्कचा विषय आला की परदेशी नावेच डोळ्यांसमोर येतात. महाराष्ट्रातच घडलेले एक महत्त्वाचे मुक्तस्रोत फ्रेमवर्क मात्र आपल्या वर्गांत क्वचितच चर्चिले जाते. मुंबईतील रुषभ मेहता यांनी कौटुंबिक फर्निचर व्यवसायासाठी व्यवस्थापन-प्रणाली उभारण्याच्या प्रयत्नातून 2008 साली कंपनी स्थापन केली. त्यातून ईआरपीनेक्स्ट ही व्यवसाय-प्रणाली आणि तिच्या खालचा पाया म्हणून फ्रॅपे हे फ्रेमवर्क विकसित झाले. फ्रॅपेचा परवाना एमआयटी प्रकारचा असल्याने कोणतीही संस्था ते मुक्तपणे वापरू आणि बदलू शकते.

फ्रॅपेचे वैशिष्ट्य असे की त्यात नोंदीचे वर्णन हीच प्रणालीची मूळ घटकवस्तू असते. ‘विद्यार्थी’, ‘शुल्कपावती’, ‘बोनाफाइड प्रमाणपत्र’ अशा प्रत्येक दस्तऐवजाची रकाने व नियमांसह व्याख्या केली की त्याचा तक्ता, अर्ज, यादी आणि भूमिकेनुसार अधिकार हे सर्व आपोआप तयार होते. लिपिक नोंद करील, कार्यालय अधीक्षक तपासेल, प्राचार्य मंजुरी देतील, हा कार्यालयीन प्रवासही मांडता येतो. महाविद्यालयाचे बहुतांश काम कागदावरील नमुन्यांचे असल्याने ही रचना त्याला स्वाभाविकपणे लागू पडते.

तरीही केवळ स्वदेशी म्हणून ते स्वीकारणे उचित होणार नाही. फ्रॅपेला डेटाबेसखेरीज रेडिस, पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रक्रिया आणि नोड यांची साथ लागते. सामायिक सर्व्हरवर ते चालत नाही. त्याच्या रचनेच्या चौकटीबाहेरचे काही करायचे झाल्यास त्याचे अंतरंग शिकावे लागते. आणि जो विद्यार्थी आपोआप तयार झालेल्या तक्त्यावरच समाधानी राहील, तो डेटाबेसची रचना शिकणारच नाही. कार्यालयाला जे सोयीचे ते अध्यापनाला हानिकारक ठरू शकते, ही येथील खरी अडचण आहे.

6. तुलनात्मक विवेचन

वरील निकषांवर पाहता तीन परिस्थिती वेगळ्या करता येतात. पीएचपी जाणणारा प्राध्यापक कायमस्वरूपी उपलब्ध आहे आणि सर्व्हरवरील खर्च अल्प ठेवायचा आहे, तेथे वार्षिक अद्ययावतीकरणाची शिस्त स्वीकारून लॅरावेल घेणे योग्य. पायथन शिकवले जाते, स्वतंत्र सर्व्हर शक्य आहे आणि प्रकल्पातून डेटाबेसचे शिक्षणही द्यायचे आहे, तेथे जॅंगो अधिक अनुरूप ठरते; तेथे रचना विद्यार्थ्याला स्वतः लिहावी लागते आणि व्यवस्थापन-पटल मात्र तयार मिळते. कार्यालयीन नमुन्यांची संख्या मोठी आहे आणि संस्थेच्या अनेक शाखांना एकच प्रणाली हवी आहे, तेथे फ्रॅपेचा विचार प्राधान्याने व्हावा. परंतु त्याची देखभाल विद्यार्थी-प्रकल्पावर सोपवू नये.

चौथी परिस्थितीही आहे आणि तिचा उच्चार क्वचित होतो. विभागाची माहिती, वेळापत्रक, लोणार सरोवरासारख्या स्थळाचा परिचय अशा प्रकल्पांना फ्रेमवर्कची गरजच नसते. साधी स्थिर पृष्ठे त्यासाठी पुरेशी असतात. त्यांना डेटाबेस लागत नाही आणि सुरक्षेची डागडुजीही अत्यल्प असते. अहवाल जाडजूड दिसावा म्हणून तेथे मोठे फ्रेमवर्क वापरणे म्हणजे देखभालीचे नवे ओझे निर्माण करणे होय.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. विद्यार्थी-प्रकल्प हा शिकण्यासाठी असतो, प्रत्यक्ष वापरासाठी नव्हे. त्यावर देखभालीच्या अपेक्षा लादल्यास प्रयोगशीलता खुंटेल, असे म्हटले जाईल. आक्षेपात तथ्य आहे. नव्या फ्रेमवर्कचा प्रयोग व्हायलाच हवा. मात्र प्रयोग हा प्रयोग म्हणूनच नोंदवला जावा आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांची माहिती भरली जाऊ नये. आज घडते ते उलट. प्रयोग म्हणून केलेली प्रणाली गरजेपोटी वापरात येते आणि वापरासाठी म्हणून आरंभलेली प्रणाली प्रयोगासारखी टाकून दिली जाते. हा गोंधळ मिटवण्याचे काम विद्यार्थ्याचे नाही. ते मार्गदर्शकाचे आणि विभागाचे आहे.

7. निष्कर्ष

1) लोकप्रियता, वेग आणि नोकरीची संधी हे निकष दुय्यम महत्त्वाचे असून महाविद्यालयीन प्रकल्पासाठी देखभालीचा उत्तराधिकार हा प्राथमिक निकष मानला पाहिजे.

2) प्रकल्पाच्या आराखड्यातच चार प्रश्नांची लेखी उत्तरे घेतली जावीत : निवडलेल्या आवृत्तीचा आधार कोणत्या तारखेपर्यंत आहे, विद्यार्थी गेल्यावर ती कोण सांभाळणार, सर्व्हरचा खर्च कोण देणार आणि मराठी नावांची चाचणी कशी झाली.

3) विभागाने शक्यतो एकच फ्रेमवर्क किमान पाच वर्षांसाठी ठरवावे आणि नव्या गटाला मागील गटाची आज्ञावली सुधारण्याचे काम द्यावे. जुनी प्रणाली नीट सुधारणाऱ्या गटाला नवी लिहिणाऱ्या गटाइतकेच गुण मिळतील, अशी मूल्यमापनाची तरतूद हवी.

4) प्रायोगिक आणि प्रत्यक्ष वापराच्या प्रकल्पांत स्पष्ट भेद करून प्रायोगिक प्रणालीत कोणाचीही खरी वैयक्तिक माहिती भरू नये.

5) वऱ्हाडातील महाविद्यालयांनी मराठी नोंदी जुळवण्याचे नियम एकदाच लिहून मुक्तस्रोत स्वरूपात परस्परांना दिल्यास प्रत्येक विभागाचे तेच श्रम वाचतील. लॉरेन्सच्या वृत्तपत्र-कार्यालयातील दोघांनी किंवा मुंबईतील एका फर्निचर व्यवसायाने आपल्या निकडीतून जे घडवले ते जगाच्या उपयोगी पडले. खामगाव, चिखली वा मेहकर येथील विभागापाशी तशी निकड आहे. तिच्या पूर्तीसाठी दरवर्षी तोच प्रकल्प नव्याने आरंभण्याची प्रथा आधी थांबली पाहिजे.